बाबांचे सेर्तिदांव आणि माझे लायसन्स

गोव्याच्या माणसाला कागदांचे महत्त्व कुणी समजावून सांगायला नको. आमच्या घराघरांत एक पत्र्याची पेटी असते आणि तिच्यात पिवळे पडलेले, कडा झिजलेले, कुणालाच धड वाचता न येणारे पोर्तुगीज कागद असतात. घराचे, बागायतीचे, लग्नाचे, जन्माचे. आमच्या पेटीत बाबांचे सेर्तिदांव होते. १९३८ सालचा जन्म, पोर्तुगीज शिक्का, बाकदार अक्षरातली सही. माझ्या लहानपणी आई ती पेटी वर्षातून एकदा उन्हात ठेवायची, वाळवीसाठी. त्या कागदाचा उपयोग काय, असे तेव्हा विचारले असते तर बाबा म्हणाले असते, "असूं दी. कागद खातात थोडेच?"

पुढे त्या कागदाने काय केले ते तुम्हांला ठाऊकच आहे, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तेच घडले असणार. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला, आणि त्याच्यामागून त्याच्या मुलाबाळांना, लिस्बनला जन्माची नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेता येतो. मी लिस्बन पाहिलेले नव्हते, पोर्तुगीज भाषेतले चार शब्द मला येत होते तेही कोंकणीत मुरलेले. तरी बाबांच्या जन्माच्या बळावर मी युरोपची नागरिक झाले आणि २०१८ च्या ऑक्टोबरात नवऱ्याबरोबर इंग्लंडमधल्या स्विंडन या गावी येऊन पोचले. तेव्हा युरोपच्या पासपोर्टवर इंग्लंडला मुक्त प्रवेश होता. ३१ डिसेंबर २०२० ला ते दार मिटले. त्याआधी आलेले राहिले, त्यांत आम्हीही.

हे सगळे सांगायचे कारण एवढेच की, पासपोर्टसारखी मोठी गोष्ट बाबांच्या एका कागदावर मिळाली म्हटल्यावर लायसन्ससारखी किरकोळ गोष्ट सहज बदलून मिळेल, असे आम्हां गोंयकारांना वाटते. स्विंडनला नवीन येणारा माणूस पहिल्या महिन्यात तीन गोष्टी विचारतो. खोली कुठे मिळेल, नुस्तें कुठे मिळेल आणि लायसन्स कन्व्हर्ट कुठे करायचे. पहिल्या दोहोंना उत्तर आहे. तिसऱ्याला उत्तर असे की, भारताचे लायसन्स इथे कन्व्हर्ट होत नाही.

नियम सोपा आहे. भारतातून येऊन इथे राहायला लागल्यापासून बारा महिने आपल्या लायसन्सवर गाडी चालवता येते. त्यानंतर तो कागद इथल्या रस्त्यापुरता निर्जीव. मग सतरा वर्षांच्या पोराप्रमाणे शिकाऊ लायसन्स काढायचे, लेखी परीक्षा द्यायची, मग रस्त्यावरची परीक्षा द्यायची. काही देशांची मात्र एक यादी आहे. त्या देशांचे लायसन्स इथे नुसते अर्ज करून बदलून मिळते. यादीत ऑस्ट्रेलिया आहे, कॅनडा, जपान, सिंगापूर आहे, झिंबाब्वे आणि बार्बाडोसही आहे. भारत नाही. २०२१ साली त्या यादीत संयुक्त अरब अमिरातींची भर पडली. म्हणजे आमच्या वाड्यावरचे दोन भाऊ घेतले, एकाने दुबईत परीक्षा देऊन तिथले लायसन्स मिळवले आणि दुसरा गावातच गाडी चालवत राहिला, तर इंग्लंडात पहिल्याला कार्ड बदलून मिळेल आणि दुसऱ्याला गाडीवर तांबडा 'एल' लावावा लागेल. दोघे एकाच उतारावर एकाच जुन्या जीपवर शिकलेले का असेनात.

कुणाला वाटेल, मग मधल्या एखाद्या देशातून फिरवून आणावे. आधी भारताचे लायसन्स युरोपात कुठे बदलून घ्यायचे आणि ते घेऊन इथे यायचे. पण कागद तयार करणाऱ्यांनी हाही विचार केलेला आहे. युरोपीय लायसन्स दुसऱ्या देशाच्या लायसन्सवरून बदलून दिलेले असेल तर त्याच्यावर ७० हा आकडा छापतात आणि पुढे मूळ देशाची खूण. ज्याने लिस्बनला राहून तिथली परीक्षा दिली, त्याचे पोर्तुगीज लायसन्स इथे चालते. ज्याने नुसते बदलून आणले, त्याचा आकडा सगळे सांगून टाकतो. विचारतात ते एवढेच की, तुझी परीक्षा कुठल्या मातीत झाली? पासपोर्टला बाबांचा जन्म पुरतो. लायसन्सला आपलेच हातपाय लागतात.

आणखी एक गैरसमज आहे तो आंतरराष्ट्रीय परमिटाचा. निघण्यापूर्वी आपल्याकडून ते करड्या रंगाचे पुस्तक करून आणणारे पुष्कळ भेटतात. ते लायसन्स नव्हे. आपल्या लायसन्सचे परदेशी अधिकाऱ्याला वाचता येईल असे भाषांतर, एवढाच त्याचा अर्थ. वर्षभर पर्यटकासारखे फिरायला ठीक. राहायला आलेल्याला ते बाराव्या महिन्यापुढे नेत नाही.

मला इथे काम मिळाले ते एका गोदामात, सकाळी सहाच्या पाळीचे. गोव्यात मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. ते सोडून इकडे का आले, हा विषय वेगळा, आणि तो ज्याच्या त्याच्या घरचा. पाळीच्या वेळेला बस नव्हती. फोंड्याला पहाटे कदंबा चुकली तर तिस्कावर कुणीतरी पायलट उभा असतोच. इथे अंधार, धुके आणि रिकामा रस्ता. म्हणजे बारा महिन्यांनी लायसन्स गेले की काम गेलेच, आणि काम गेले की खोलीचे भाडे. बायकांना हे आणखी नीट समजेल. फोंड्यात तरुणपणी मी स्कूटर घेतली तेव्हा पहिल्यांदा मला कुणाला न विचारता घराबाहेर पडता आले होते. पुढे गाडी आली. फर्मागुडीचा चढ, बोरीचा पूल, पावसाळ्यातला अनमोडचा घाट, सगळीकडे मी स्वतः चालवत गेले होते. आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते सगळे परत कमवायचे होते.

राग आला नाही असे म्हणणार नाही. बावीस वर्षे गाडी चालवलेल्या बाईला हे काय शिकवणार, असेच मनात होते. शिकाऊ लायसन्सला ३४ पौंड भरले, लेखी परीक्षेला २३, रस्त्यावरच्या परीक्षेला ६२, आणि शिकवणीला तासाला जवळजवळ ३० पौंड. शिकवणारे गृहस्थ मूळचे जालंधरकडच्या घराण्यातले. इथेच वाढलेले, पण मला 'बहनजी' म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला अर्धा तास गाडी चालवू दिली आणि मग बाजूला घ्यायला सांगून म्हणाले, "बहनजी, तुमची गाडीवर पकड छान आहे. आता रस्त्यावर कोण कोण आहे ते सांगा." मला वाटले, थट्टा करतात. पण तोच पहिला धडा होता.

आमच्याकडे १९९६ साली मी जी ट्रायल दिली होती, तिच्यात गाडी हातात आहे की नाही ते पाहिले होते. मैदानावर आठ काढायचा, थोडे पुढे, थोडे मागे, हाताने खुणा दाखवायच्या. इथली परीक्षा साधारण चाळीस मिनिटांची, चालत्या रहदारीत. आधी २० मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचून दाखवायची. मग, माझ्या वेळी तरी, त्यातली वीसेक मिनिटे परीक्षक गप्प बसत असे. पाट्या पाहून किंवा दिशा सांगणाऱ्या यंत्राचे ऐकून तुम्ही आपले आपण जायचे. किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ. गंभीर चूक एक झाली की संपले. आणि गंभीर म्हणजे धडकच व्हायला हवी असे नाही. तुमच्यामुळे दुसऱ्याला ब्रेक लावावा लागला, तरी तेवढे पुरते.

स्विंडनमध्ये शिकणाऱ्याला आणखी एक प्रसाद मिळतो. तिथे १९७२ पासून एक 'मॅजिक राउंडअबाउट' आहे. मोठ्या सर्कलभोवती पाच छोटी सर्कले. छोट्यांतून रहदारी नेहमीसारखी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते आणि मधल्या मोठ्यातून उलट दिशेने. नकाशावर पाहिले तर चुकीच्या रांगोळीसारखे दिसते. माझ्या शिकवणाऱ्यांनी मला तिथे नेले तेव्हा ते म्हणाले, सगळे एकदम पाहू नका, उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या आणि पुढच्या एका सर्कलापुरतेच बघा. तसे केले आणि गाडी पलीकडे निघाली. तिस्कावर आपण डोळ्याला डोळा भिडवून, थोडे पुढे सरकून, थोडे थांबून वाट काढतो. ती कलाही काही कमी नाही. पण ती माणसागणिक बदलते. इथे एकच नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि दुसराही तो पाळणार असा भरवसा असतो, म्हणून ती चुकीची रांगोळी चालते.

जाता जाता एक गंमत. आमच्यातले काही म्हणतात, इंग्लंडात डाव्या बाजूने चालवतात ते बरे, आपण पोर्तुगीज कागदावर आलो तरी सवय कामाला येते. पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू धरली, पण गोवा मात्र डावीकडेच राहिला, कारण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडे होता आणि सीमेवर बाजू बदलणे सोयीचे नव्हते. सलाझारच्या काळातही गोव्यातल्या गाड्या लिस्बनच्या नव्हे, बेळगावच्या बाजूने धावत होत्या!

असो. माझे लायसन्स जून २०१९ मध्ये, बारा महिने भरायच्या आत झाले. पण हा लेख मी माझ्यासाठी लिहायला घेतलेला नाही. तो आमच्या एका दादांसाठी आहे.

दादा सासष्टीतले. तीस वर्षे त्यांची टुरिस्ट टॅक्सी होती. दाबोळीला उतरलेल्या पाहुण्याला रात्री दोन वाजता काणकोणला सोडायचे आणि पहाटे परत यायचे, हा त्यांचा नेम. ते २०१९ च्या उन्हाळ्यात इथे आले. शिकाऊ लायसन्स काढले, लेखी परीक्षेची तयारी सुरू केली, आणि मार्च २०२० मध्ये करोनामुळे परीक्षाच बंद झाल्या. बारा महिने मात्र थांबले नाहीत. ते भरले. तीस वर्षे चालवणारा माणूस रातोरात शिकाऊ झाला. आता शेजारी एकवीस वर्षांवरचा आणि तीन वर्षे पूर्ण लायसन्स असलेला कुणी बसल्याशिवाय त्यांना गाडीला किल्लीही लावता येणार नव्हती. मला ते म्हणाले, "बाय, हांवें तीस वर्सां गाडी चलयली. एकूय अपघात जावंक ना. आतां म्हाका शिकाऊ म्हणटात." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते.

दादांची शाळा मराठीतून सातवीपर्यंत. एके काळी इथली लेखी परीक्षा १९ परदेशी भाषांतला आवाज कानाला लावून देता येत असे. एप्रिल २०१४ मध्ये ती सोय बंद झाली. पन्नास प्रश्न, त्यांतले त्रेचाळीस बरोबर यायला हवेत, आणि सगळे इंग्रजीत. रविवारी दुपारी जेवणे झाली की आम्ही बसायचो. मी परत मास्तरीण झाले. ताशी ३० मैलांवर ब्रेक लावला तर गाडी थांबायला २३ मीटर लागतात आणि ७० मैलांवर ९६, हे मी त्यांना पावलांनी मोजून दाखवले. टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात, हे त्यांना मोजपट्टीवाचून कळत होते. बोट लावून ते सांगायचे. अडत होता तो इंग्रजी शब्द. तो मराठीत सोडवून दिला की उत्तर त्यांच्याकडे आधीपासून तयार असायचे.

खरी मौज पुढे. लेखी परीक्षेचाच दुसरा भाग असा की, पडद्यावर रस्त्याच्या चौदा चित्रफिती दाखवतात आणि धोका तयार होतोय असे दिसले की बटण दाबायचे. दादा सरावाला बसले आणि दाबतच सुटले. फाटकात उभा माणूस, कुत्रे, सायकल, थांबलेली बस, फुटपाथवरचे पोर, सगळ्यांना बटण! अशी सारखी बटणे दाबली की यंत्र समजते, हा अंदाजपंचे दाबतोय, आणि त्या फितीला शून्य देते. "पण बाय, हो सगळो धोकोच न्हय?" दादांचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या रस्त्यांवर ज्याने तीस वर्षे काढली त्याला धोका नसलेला क्षण माहीतच नसतो. त्यांना कमी पाहायला नव्हे, निवडून पाहायला शिकावे लागले.

२०२२ च्या उन्हाळ्यात माझ्या लायसन्सला तीन वर्षे झाली आणि मला त्यांच्या शेजारी बसता येऊ लागले. माझ्या गाडीला पुढेमागे तांबडे 'एल' लावून, विम्यात त्यांचे नाव घालून आम्ही संध्याकाळी निघायचो. फोंड्याची मास्तरीण शेजारी बसलीय आणि दाबोळीचा टॅक्सीवाला शिकाऊ, हे दृश्य गोव्यात कुणी पाहिले असते तर चार दिवस हसले असते. मी मात्र त्या संध्याकाळी खूप शिकले. दादा गिअर बदलायचे ते कळतसुद्धा नसे. मागच्या सीटवर झोपलेला पाहुणा जागा होऊ नये, म्हणून लावून घेतलेली सवय ती. पण उतारावर ते क्लच दाबून गाडी तशीच सोडून द्यायचे, पेट्रोल वाचवायची जुनी रीत. इथे तो दोष. आरशात ते नुसते डोळे फिरवून पाहायचे. परीक्षकाला ते दिसत नाही, म्हणून मान वळवावी लागते.

दादा पहिल्यांदा नापास झाले ते निघताना उजव्या खांद्यावरून मागे न पाहिल्याबद्दल. दुसऱ्यांदा २० मैलांच्या हद्दीत वेग वाढला म्हणून. मधल्या काळात पुढची तारीख मिळायला महिनेच्या महिने जात. तोवर ते पहाटे दीड तास चालत कामाला जायचे. चालता चालता त्यांना एक गोष्ट दिसली, ती त्यांनी मला सांगितली. जानेवारी २०२२ पासून इथल्या वाहतूक नियमांत एक बदल झालाय. गल्लीत वळणाऱ्या गाडीने, ती गल्ली ओलांडायला उभ्या असलेल्या माणसासाठी थांबायचे. आधी ओलांडायला लागलेल्यासाठी थांबायचे होते, आता नुसते उभे असलेल्यासाठीही. दादा म्हणाले, "पहाटे काळोखात मी एकटा उभा असतो, आणि एवढी मोठी गाडी माझ्यासाठी थांबते. तीस वर्षांत मी कितीजणांसाठी थांबलो, ते आठवून पाहतो."

तिसऱ्या वेळी दादा पास झाले. घरी शिरा झाला.

आता प्रश्न उरतो तो हा की, नियम बरोबर की चूक? मला दोन्ही बाजू दिसतात. परके लायसन्स बदलून देणे म्हणजे त्या देशाच्या परीक्षेवर विश्वास ठेवणे. तो विश्वास माणसावर नसतो, कचेरीवर असतो. दादांच्या तीस वर्षांना त्या हिशेबात रकानाच नाही. जर्मनीतही तेच. आपले लायसन्स सहा महिने चालते, मग लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा. पन्नाशीच्या माणसाला ते अपमानासारखे लागते, पैसे जातात, कामे जातात, आणि ज्याचे इंग्रजी कच्चे त्याचे सगळ्यांत जास्त जाते. हे खरे आहे. आणि हेही खरे आहे की, आमच्या परीक्षेने आमच्या हातांना विचारले, डोळ्यांना फारसे विचारले नाही. ते नाव यादीत यावे असे वाटत असेल तर काम लंडनला नव्हे, आपल्या मैदानांवर करायला हवे.

जे येऊ घातलेत त्यांना दोन शब्द. पोचल्यावर पहिल्याच महिन्यात शिकाऊ लायसन्सचा अर्ज करा. बारा महिन्यांच्या आत ते घेतले म्हणून तुमच्या भारतीय लायसन्सवर चालवण्याला बाध येत नाही, 'एल'ही लावावा लागत नाही. लेखी परीक्षा लगेच द्या, ती दोन वर्षे टिकते. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिलीत तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतेच मिळते, तेव्हा आधी विचार करा. आणि एक समाधान घ्या. ज्यांना लायसन्स बदलून मिळते त्यांना जुने कार्ड जमा करावे लागते. आपले बदलत नाही, म्हणून आपल्याकडेच राहते.

माझे ते कार्ड अजून पाकिटात आहे. गेल्या डिसेंबरात फोंड्याला गेले होते तेव्हा भावाची गाडी घेऊन बाजारात निघाले. वळणावर एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन उभी होती. सवयीने थांबले. तिने मला हाताने पुढे जायची खूण केली. मी तिला केली. तिला वाटले, माझी गाडी बंद पडलीय. मागे हॉर्नचा गजर सुरू झाला. शेवटी तिने पाटी सावरली, एक हात माझ्याकडे करून ठेवला, मी मध्येच सुटू नये म्हणून, आणि तशीच, माझ्यावरची नजर न काढता, रस्ता ओलांडून गेली.